लेलँडच्या घराण्यातली

ब्रिटनमध्ये चाळिशी ओलांडलेल्या गाडीला सरकार फार जपतं. रस्त्याचा कर माफ, आणि 2018 पासून वार्षिक तपासणीचीही सक्ती नाही. माझी 1972 सालची एमजीबी या दोन्ही सवलती भोगत दारात उभी असते आणि गळत असते. "सरकार तपासत नसेल, मी तपासते," म्हणत बायकोने एके सकाळी गाडीच्या पोटाखालचा डाग दाखवला. डाग कसला, तालुका होता.

त्याच सुमारास साताऱ्याहून काका राहायला आले होते. आयुष्य एसटीच्या वर्कशॉपात गेलेलं, गळ्यात तुळशीची माळ, आणि निवृत्तीनंतर हातांना काम नाही म्हणून सगळ्या जगावर राग. आल्या आल्या त्यांनी गाडीला 'खेळणं' ठरवलं होतं. माणसं दोनच, आणि टप नाही, तर सामान चढवायचं कुठे, हा त्यांचा रास्त सवाल. पण पुढच्या मडगार्डजवळ लेलँडचं बोटभर चिन्ह दिसलं आणि सूर पालटला. 1968 मध्ये ब्रिटिश लेलँड उभी राहिली तेव्हा ही गाडी बनवणारी एमजी तिच्या पदरी आली. आपल्या अशोक लेलँडचंही मूळ त्याच घराण्यात. काकांनी जन्मभर लेलँडच्या बस खोलल्या होत्या. "अरे, ही तर आपल्यातलीच!" म्हणत ते माकडटोपीसकट गाडीखाली गेले.

त्यांची रोगपरीक्षा नाकाने चालते. गिअरचं तेल उग्र, गंधकाच्या वासाचं. इंजिनचं तसं नसतं. पण एमजीबीच्या गिअरबॉक्समध्येही इंजिनचंच 20डब्ल्यू-50 तेल घालतात. काकांनी थेंब बोटावर घेतला, हुंगला, पुन्हा हुंगला. "दोघांच्या ताटात एकाच भांड्यातलं पिठलं. कुणाचं सांडलं, कसं कळणार?"

कळणं तर भाग होतं. गळती गिअरबॉक्सच्या पुढच्या अंगाला असेल तर इंजिन आणि गिअरबॉक्स जोडीने बाहेर काढावे लागतात. मागच्या अंगाला असेल तर प्रॉपेलर शाफ्ट सोडवून, पाठीवर झोपून भागतं. त्यात चालत्या गाडीखालचा वारा तेल मागे पसरवतो, म्हणजे पुढच्याचं पाप मागच्याच्या माथी. काकांनी सगळं पोट पुसून काढलं, बायकोची टाल्कम पावडर मागवली आणि खालून मनसोक्त उधळली. मी एक फेरी मारून आलो. पावडरीत ओली वाट उमटली होती, मागच्या सीलपासूनच निघालेली. "जेजुरी झाली," बायको मला म्हणाली, "आता डबा भरून आण."

ऑईल सील आलं. किंमत एका सँडविचएवढी. रबरी कडं, आत पातळ ओठ, ओठाभोवती नाजूक स्प्रिंग. फिरत्या शाफ्टला तो ओठ हलकेच बिलगून तेल आत ठेवतो. रबर म्हातारं होऊन कडक झालं की बिलगणं संपतं.

"तेराचा पाना दे," गाडीखालून हुकूम आला. पाना बसला, पण डुलत. ही गाडी इंचांच्या राज्यातली, अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर, आणि उरलेल्या पॉइंट तीनमध्ये नटाचे कोपरे झिजून गोल होतात. काकांनी मला आणि दशमान पद्धतीला एकत्रच शिवी घातली. माळकरी असल्यामुळे तिची सुरुवात तेवढी "विठ्ठला" अशी झाली. इंची पाने मागायला शेजारच्या आजोबांकडे गेलो, तर पान्यांबरोबर तेही आले, स्वतःची खुर्ची घेऊन. काकांना इंग्रजी येत नाही, त्यांना मराठी. 'फ्लँज', 'नट', 'टाइट' आणि 'लूज' एवढ्या भांडवलावर दोघांची संध्याकाळ रंगली. मला कुणी काही विचारलं नाही.

जुनं सील उकरताना शाफ्टला ओरखडा गेला तर नवंही गळणार, म्हणून मला लांब उभं करण्यात आलं. काकांनी नव्या सीलच्या ओठाला तेल लावलं, स्प्रिंगची बाजू आत केली आणि पाइपचा तुकडा टेकवून चहूबाजूंनी बेताने ठोकत ते बसवलं. झालं, असं मला वाटलं. काकांना गिअरबॉक्सचा ब्रीदर, म्हणजे हवा जायची वाट, बघायचा होता. तो चोंदला की तापलेली हवा आत कोंडते आणि धडधाकट सीलमधूनही तेल बाहेर रेटते. निघाला तो मातीने गच्च. शेजारचे आजोबा खुर्चीतून उठून टाळ्या वाजवू लागले.

बक्षीस म्हणून काकांना अॅबिंग्डनला नेलं. 1929 ते 1980 एमजीचा कारखाना तिथे होता. पबमध्ये बसून त्यांना 'ओल्ड स्पेकल्ड हेन' या बिअरची गोष्ट सांगितली: कारखान्यात इकडून तिकडे पळवायची एक एमजी होती, रंगाच्या शिंतोड्यांनी ठिपकेदार झालेली; कारखान्याला गावात पन्नास वर्षं झाली तेव्हा, 1979 मध्ये, तिच्या नावाने ही बिअर काढली. पुढच्याच वर्षी कारखान्याला टाळं लागलं.

"म्हणजे कारखाना बंद पडला आणि दारू चालू राहिली," काका म्हणाले. "मुंबईत गिरण्यांचं दुसरं काय झालं?"

त्यांनी चहा मागवला. आला तो दूध वेगळं, साखर वेगळी, पाणी वेगळं, पुडी वेगळी. काकांनी ट्रेकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"हेही आपणच फिट करायचं का?"