धरलेली जागा, सोडलेली जागा

लिनक्स चालणाऱ्या पीसीवर रूटच्या अधिकाराने ‘प्रॉक’मधली ‘आयओपोर्ट्स’ ही फाइल उघडून पाहावी. डावीकडे सोळाच्या पायातले पोर्टचे पत्ते, उजवीकडे त्यांच्यावर हक्क सांगणारे: 0040 ते 0043 टायमरकडे, 0060 कीबोर्डकडे, 0070 पासून पुढे घड्याळ. हार्डवेअरला हात लावण्याआधी प्रत्येक ड्रायव्हरने ‘रिक्वेस्ट रीजन’ हे फंक्शन बोलावून इथे आपलं नाव लावायचं, असा शिरस्ता आहे. तिथे दुसऱ्याचं नाव आधीच असेल तर विनंती नाकारली जाते आणि ड्रायव्हर ‘डिव्हाइस ऑर रिसोर्स बिझी’ एवढं पुटपुटून माघारी फिरतो.

वाचून वाटतं, काय कडक कारभार! प्रत्यक्षात हा एसटीच्या खिडकीतून टाकलेला रुमाल आहे. रुमालाने सीटला कुलूप लागत नाही. एखाद्या ड्रायव्हरने नाव न लावताच त्या पोर्टवर लिहायचं ठरवलं, तर कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्याचा हात धरत नाही. एकदा कर्नलमध्ये शिरलेल्याला सगळीच दारं उघडी. संगणकाच्या अगदी गाभ्यात, जिथे नॅनोसेकंदांचा हिशेब चालतो, तिथे जागेचा प्रश्न निव्वळ भिडेवर सुटतो, याची मला फार मौज वाटते.

पूर्वी ‘चेक रीजन’ नावाचं एक सोज्वळ फंक्शनही होतं. जागा रिकामी आहे का, एवढंच ते सांगे. पण ‘कुणी बसलंय का हो?’ विचारून ‘नाही’ ऐकेपर्यंत मधल्या क्षणात तिसराच टेकलेला असायचा. शेवटी ते काढूनच टाकलं. आता विचारपूस नाही. थेट रुमाल टाकायचा आणि पडला की नाही ते बघायचं.

हे झालं धरण्याचं. खरी कसोटी सोडताना. पोर्ट धरला, मेमरी मिळाली, पण तिसऱ्या पायरीवर इंटरप्ट मिळाला नाही, तर आधीची दोन्ही परत करून निघायचं, तेही उलट्या क्रमाने. त्यासाठी कर्नलचे लेखक बिनदिक्कत ‘गोटू’ ही उडीची आज्ञा वापरतात. 1968 साली एड्सगर डायक्स्ट्रा यांचं ‘गोटू’विरुद्धचं पत्र छापून आलं आणि पुढे पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांचे कान त्यावरून पिळले गेले. इथे मात्र सभ्य माणसाची वाट तीच: अडलं तिथून योग्य पायरीवर उडी घ्यायची आणि जे जे घेतलं ते परत करत बाहेर पडायचं.

आणि सोडायला विसरलं तर? त्या दिवशी बहुधा काहीच होत नाही, हीच तर गोम. पुढे कधीतरी ड्रायव्हर काढून पुन्हा घालायला जावं, तर जागा अडलेली. अडवणारा कोण, तर त्याचाच मागचा जन्म! शिवाय यादीत नावाची नक्कल नसते, नाव जिथे ठेवलंय तिथला पत्ता तेवढा असतो. नाव ड्रायव्हरच्या मॉड्यूलच्याच मेमरीत असेल, तर मॉड्यूलबरोबर तेही जातं. मग कुणी नुसती यादी वाचायला गेला, तरी कर्नल कोसळू शकतो.

या विसराळू स्वभावावर 2007 साली तेजुन हिओ यांच्या कामातून उपाय आला: ‘डेव्हएम’ने सुरू होणारी फंक्शनं. त्यांच्यामार्फत घेतलेलं सगळं उपकरणाच्या नावे मांडून ठेवलं जातं आणि ड्रायव्हर उपकरणापासून सुटला की उलट्या क्रमाने आपोआप परत जातं. घेण्यासाठी मात्र अशी आपोआप सोय कुणी केलेली नाही. तिची गरजच कुणाला भासली नसावी.