झडती घ्या, चेहरा विचारून घ्या

विमानतळावरच्या कडक तपासणीबद्दल कुरकुर करणाऱ्यांत आम्हाला धरू नका. पट्टा काढा, लॅपटॉप ट्रेमध्ये ठेवा, हात पसरून उभे राहा. सगळे मान्य. २४ डिसेंबर १९९९ला काठमांडूहून दिल्लीला निघालेले विमान अपहरण करून कंदाहारला नेले आणि प्रवाशांच्या सुटकेसाठी तीन दहशतवादी सोडावे लागले. त्यानंतर काही आठवड्यांतच, जयपूरपासून सुरुवात करून, विमानतळांचा पहारा केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाकडे जाऊ लागला. पहाटेच्या विमानालाही डोळ्यांत तेल घालून बॅगा उघडायला लावणाऱ्या त्या जवानांशी हुज्जत घालणाऱ्यांचा आम्हाला रागच येतो.

आमचे भांडण त्याआधीच्या दारापाशी आहे. तिथे डिजियात्रा उभी असते.

डिसेंबर २०२२मध्ये दिल्ली, बंगळुरू आणि वाराणसीत ती सुरू झाली, पुढच्या वर्षी पुणे-मुंबईत आली. आधारच्या साहाय्याने ॲपवर चेहरा नोंदवायचा, बोर्डिंग पास जोडायचा आणि कॅमेऱ्याकडे बघत आत शिरायचे. सरकार सुरुवातीपासून सांगते आहे की हे ऐच्छिक आहे. पण प्रवाशांच्या तक्रारी वेगळेच सांगतात. दारात टी-शर्ट घातलेला एक मुलगा उभा असतो. तो हातातला बोर्डिंग पास घेतो, यंत्रावर धरतो आणि म्हणतो, ‘काकू, जरा इकडे बघा.’ काकू बघतात. फोटो निघतो, फाटक उघडते, मागून ट्रॉली ढकलणारे घाई करत असतात. कशासाठी, कुणासाठी, किती दिवसांसाठी, यातले काहीही कुणी सांगितलेले नसते. शेजारी बंदूकधारी जवान असताना ‘मला हे नको’ म्हणायची छाती किती जणांची होईल? बहुतेकांना वाटते, ही तपासणीच आहे.

ती तपासणी नाहीच. चेहरा टिपणाऱ्या कॅमेऱ्याला पिशवीतला चाकू दिसत नाही. डिजियात्रेने आत गेलेल्यालाही पुढे तीच धातुशोधक चौकट, तेच एक्स-रे यंत्र आणि तीच अंगझडती चुकत नाही. तिकीट आणि माणूस एकच आहे का, हे थकलेल्या डोळ्यांपेक्षा यंत्र चांगले जुळवत असेल, हे आम्ही मान्य करतो. पण ज्याच्या मनात पाप आहे तो ओळखपत्र दाखवून शेजारच्या रांगेतून जाऊ शकतो. जी गोष्ट ज्याच्या त्याच्या मर्जीवर आहे, तिच्यावर सुरक्षेचा भार टाकताच येत नाही. ती सोय आहे. मग सोयीसारखी विचारून द्या, नाही म्हटले तर निमूट बाजूला व्हा. साध्या रांगेला एकच दार ठेवून बाकीची डिजियात्रेला द्यायची आणि लोकांनी कंटाळून तिकडे वळावे असा डाव मांडायचा, ही संमती नव्हे, नाक दाबून तोंड उघडणे आहे.

आणि हा कारभार कुणाचा? डिजियात्रा फाउंडेशनमध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरणाचा वाटा २६ टक्के. उरलेला ७४ टक्के बंगळुरू, दिल्ली, हैदराबाद, मुंबई आणि कोची विमानतळांच्या कंपन्यांचा. खासगी संस्था म्हणून ती माहिती अधिकाराच्या कक्षेबाहेर राहिली आहे. सरकारी जागेत, सरकारी योजना म्हणून, आधारच्या आधाराने लोकांचे चेहरे घ्यायचे आणि प्रश्न आला की खासगीपणाचा दरवाजा लावून घ्यायचा, हे आम्हाला संतापजनक वाटते. विमानतळाकडचा तपशील उड्डाणानंतर २४ तासांत पुसला जातो असे सांगतात. पण योजनेच्या धोरणातच सुरक्षेच्या गरजेनुसार ही मुदत बदलण्याची सोय आहे. २०२४मध्ये प्रवाशांना जुने ॲप काढून नवे घ्यायला लावले तेव्हा जुन्याकडच्या माहितीचे काय, याचे समाधानकारक उत्तर कुणी दिले? पासवर्ड फुटला तर बदलता येतो, चेहरा जन्माचा असतो.

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७मध्ये एकमताने दिला. २०२३चा विदा संरक्षण कायदा म्हणतो, संमती मोकळेपणाने आणि समजून-उमजून दिलेली हवी, माहिती कशासाठी घेता ते राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतल्या कुठल्याही भाषेत वाचायची सोय हवी. त्यात मराठी आहे. नियम मात्र नोव्हेंबर २०२५मध्ये आले आणि मुख्य तरतुदी लागू व्हायला आणखी अठरा महिने दिले गेले. एक फलक लावायला इतका काळ कशाला? मुंबई-पुण्याच्या दारांवर ठळक मराठीत उद्याच लिहा: ‘चेहरा देणे सक्तीचे नाही. ओळखपत्र दाखवून आत जाता येईल.’ आणि त्या टी-शर्टवाल्या मुलाला पास हातात घेण्याआधी ‘काकू, चालेल का?’ एवढे विचारायला शिकवा.