बिनसमुद्राचे तांडेल

जुन्नर-आंबेगावला समुद्र नाही, हे नुसतं नकाशाचं म्हणणं. कुकडी प्रकल्पानं या दोन तालुक्यांत डिंभे, माणिकडोह, वडज, येडगाव आणि पिंपळगाव जोगे अशी पाच धरणं घालून ठेवली आहेत. पाणी पुढं श्रीगोंदा, कर्जत, करमाळ्याला जातं; काठावरच्यांच्या वाट्याला पैलतीर उरतो. डिंभ्याच्या जलाशयाचं तर नावच हुतात्मा बाबू गेनू सागर. सागर म्हटला की बोट आली, बोट आली की इंजिन आलं आणि इंजिन आलं की ते मधोमध बंद पडणंही आलं.

कोकणात बोटीच्या इंजिनाचा मिस्त्री बंदरावरच भेटतो. आमच्याकडचे मिस्त्री ट्रॅक्टरचे, विहिरीवरच्या पंपाचे नाहीतर पिकअपचे. जो तो बोटीला आपल्या यंत्राचा आजार लावतो.

एके दिवशी डिंभ्याच्या जलाशयात बोटीनं निघताना इंजिन ठणठणीत होतं. जरा आत गेल्यावर आचके देऊन बंद. थोडं थांबलं की पुन्हा सुरू, पुन्हा बंद. मंचरच्या बाजाराला निघालेले मामा म्हणाले, "हवा धरलीय." पिकअपवाला म्हणाला, "कचरा आलाय." उन्हाळ्यात पाणी उतरलं की बुडालेल्या जुन्या आंबेगावचे अवशेष उघडे पडतात, त्या आधारावर एकानं पंख्याला देवळाचा कळस लागल्याचं जाहीर केलं. ट्रॅक्टरवाले दादा निदानाच्या भानगडीत न पडता स्क्रू पिळून रेस वाढवून मोकळे झाले.

इंजिन बंद पडायचं ते पडतच राहिलं, वर गिअर टाकताना 'खाडकन' आवाज सुरू झाला. त्या आवाजाला भिऊन बोटवाला दांडा हळूहळू सरकवू लागला, तर गिअर करकरायला लागले. लगेच एकमत झालं, "गिअरबॉक्स गेला!"

याच मुलखात खोडद परिसरातल्या रेडिओ दुर्बिणीच्या 30 अँटेना कोट्यवधी प्रकाशवर्षांवरच्या दीर्घिकांची कुजबुज टिपतात. हातभर अंतरावरच्या इंजिनाचं गाऱ्हाणं मात्र कुणाला ऐकू येईना.

अखेर घोडेगावच्या दवाखान्याला निघालेल्या आजींनी पेट्रोलच्या नळीतल्या रबरी फुग्याकडं बोट दाखवलं. तो आत ओढला जाऊन पार चपटा झाला होता. "आरं, तेलाच्या डब्याला दुसरं भोक कशापायी पाडत्यात?"

बोटवाल्यानं टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू सैल केला. 'सूंऽऽ' करून टाकीनं श्वास घेतला आणि फुगा टम्म झाला. हवा आत येत नसल्यानं पेट्रोल बाहेर निघत नव्हतं, एवढंच दुखणं. रेस पूर्ववत केल्यावर गिअरही निमूट पडला. बोटीच्या पाठीवरच्या या इंजिनाला मोटारीसारखा पायाखालचा क्लच नसतो. दातऱ्यावर दातरा थेट बसतो. रेस जास्त असली की तो आदळतो, दांडा चाचरत टाकला की दात घासतात.

तेव्हा गिअरबॉक्स उतरवण्याआधी झाकणाचा स्क्रू पाहा, फिल्टरमध्ये पाणी साचलंय का बघा, इंजिन बंद ठेवून पंख्यात अडकलेला जाळ्याचा दोरा काढा. रेस पूर्ण खाली आणा आणि दांडा एका दमात टाका. लाइफ जॅकेट अंगात घाला, बुडाखाली नको. आणि सल्लागार फारच झाले, तर त्यांच्या हाती वल्हं द्या; सल्ले थांबतात आणि काठही लवकर येतो.