फायरवॉलला हार घातलात, आता चालूही करा

प्रति,
मा. साहेब
(नाव मुद्दाम लिहीत नाही, टोपी ज्यांना बसेल त्यांनी खुशाल घालावी),
जिल्हा परभणी.

सर्वप्रथम अभिनंदन. गेल्या खंडेनवमीला आपण संस्थेच्या नव्या फायरवॉलची पूजा केलीत. हळदकुंकू, झेंडूचा हार, नारळ, फोटो. नारळाचं पाणी पेटीत गेलं नाही, हे आपल्या नेमबाजीचं यश. तेव्हापासून आपली प्रवेशाची वेबसाइट सुरक्षित आहे, असं आपण प्रत्येक बैठकीत सांगता. मीही मान डोलावतो, कारण माझं कंत्राट मार्चमध्ये संपतं.

मी एकदा भीतभीत विचारलं होतं, "साहेब, साइटवर हल्ला झाला तर?" आपण हसलात. "जगात जर्मनी, भारतात परभणी! इथं कोन येतंय हॅक कराया?" मुद्दा बिनतोड होता. अडचण एवढीच, की येणारी बहुतेक वेळा माणसं नसतातच. इंटरनेटवरची दारं रात्रंदिवस ठोठावत फिरणारे ते प्रोग्राम असतात. त्यांना परभणी काय आणि पॅरिस काय. कडी कुठे सैल आहे, एवढंच ते बघतात.

आता आपल्या पेटीविषयी. ती फाटकावरची राखणदार. कोण कुठून आलं, कोणत्या दाराने आलं, हे बघते. पण अर्ज भरणारा फाटकातूनच येणार. त्याला आपणच बोलावलंय. अर्जात 'गाव' असा रकाना आहे. जिंतूरची मुलगी तिथे 'जिंतूर' लिहिते. चोर लिहितो जिंतूर, पुढे एक अवतरणचिन्ह, आणि त्यापुढे 'किंवा एक बरोबर एक'. भोळ्या डेटाबेसला वाटतं, चिन्हाशी गावाचं नाव संपलं आणि उरलेला हुकूम आहे. एक हा एकाबरोबर असतोच. मग जिंतूरबरोबर पालम, सोनपेठ, गंगाखेड, सगळ्यांचे मोबाइल नंबर आणि बँक खाती बाहेर. ही युक्ती १९९८ पासून जाहीर आहे. म्हणजे अकरावीला येणाऱ्या आपल्या अर्जदारांपेक्षा वयाने मोठी.

म्हणून मी ॲपच्या आतली फायरवॉल बसवली. ती पेटी नव्हे, ॲपच्या कोडसोबतच चालणारा छोटा प्रोग्राम. डेटाबेसकडे हुकूम निघता निघता तो तपासतो, की रकान्यातल्या मजकुराने हुकमाचा अर्थच बदलला का? बदलला असेल तर तिथेच अडवतो. फाटकावर शब्द वाचणारी राखण बसवली तरी, नियम ढोबळ असले तर, ती नुसत्या शब्दाला दचकते. डेटाबेसच्या भाषेत 'युनियन' म्हणजे दोन याद्या जोडण्याचा हुकूम. म्हणून वडिलांचं खातं युनियन बँकेत असलेल्या पोरावर संशय. वसईच्या डिसोझांचं आडनाव इंग्रजीत लिहिताना अवतरणचिन्ह येतं, तेही संशयित. आतला राखणदार शब्द ऐकून घाबरत नाही, त्या शब्दाने केलं काय ते बघतो.

हे परभणीकराला समजावून सांगायची खरं तर गरज नाही. भेंडीवर केवडा पडतो, पांढरी माशी तो पसरवते. औषध मारून माशी आवरता येते, पण एक चुकली तरी पुरे. इथल्या कृषी विद्यापीठाने 'परभणी क्रांती' ही भेंडी काढली, तिचा प्रतिकार झाडाच्या आतच होता. फवारणी म्हणजे आपली पेटी; क्रांती म्हणजे आतली फायरवॉल. मशागत, म्हणजे कोड मुळात नीट लिहिणं, दोन्हीकडे चुकत नाही.

परभणी लहान म्हणाल, तर पुणे घ्या. ११ आणि १३ ऑगस्ट २०१८ रोजी कॉसमॉस बँकेतून सुमारे ९४ कोटी रुपये गेले. कार्डाची विचारणा बँकेच्या यंत्रणेकडे नेतं ते स्विच; चोरांनी तसंच बनावट स्विच उभं केलं होतं. २८ देशांतल्या एटीएममध्ये कार्ड सरकलं, की ते परस्पर होकार द्यायचं. बँकेच्या मूळ यंत्रणेला कुणी विचारतच नव्हतं. ती वेबसाइट नव्हती, पण धडा तोच. शेवटची विचारणा तिजोरीपाशी व्हायला हवी.

आपली अडचण मला कळते. आतली फायरवॉल दिसत नाही. तिला हार घालता येत नाही, तिच्याशेजारी उभं राहून फोटो काढता येत नाही. शिवाय ती स्वस्तात झाली, त्यामुळे तिच्यावर कुणाचा विश्वास बसेना. म्हणून ती अजून 'फक्त पाहणी'वर आहे. पहिले दोन आठवडे तशी ठेवायचीच असते. खोट्या हाका कुठून येतात ते नोंदवहीत बघायचं, तेवढ्याच रकान्याला सूट द्यायची, आणि मग 'अडवा' म्हणायचं. ते 'अडवा' म्हणण्याची फाइल आपल्या टेबलावर दिवाळीपासून आहे. तोवर राखणदार जागाच आहे. 'एक बरोबर एक' येतं, तो बघतो, तारीखवार लिहून ठेवतो आणि 'या' म्हणून दार उघडतो. तसा आदेश आहे.

नोंदवही मी दर सोमवारी पाठवतो. आपण ती उघडत नाही, यामागचं धोरण मला उशिरा उमगलं. 'सर्ट-इन' या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे अशी घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते. आपण ती लक्षातच येऊ देत नाही, त्यामुळे ते ६ तास कधी सुरूच होत नाहीत. कायद्याचा एवढा बारीक अभ्यास जिल्ह्यात दुसऱ्या कुणाचा नसेल.

तरी विनंती, की फाइलवर सही व्हावी. आणि सही झाली म्हणून निवांतही होऊ नये. परभणी क्रांतीलाही पुढे केवडा गाठू लागला. रोग बदलतो, तसं वाण बदलावं लागतं. आमचे नियमही दर महिन्याला बदलावे लागतील. त्यासाठी हार नको, कंत्राटाला मुदतवाढ चालेल.

आपला नम्र,
कंत्राटी वेबवाला

ता. क. : पत्र इथवर वाचलं असेल, तर घटना आपल्या लक्षात आली आहे. घड्याळ बघून ठेवावं. ६ तास आत्ता सुरू झाले.