चिंधीवर चिंधी

आजीने फाटक्या लुगड्याची गोधडी शिवली, तर ती काटकसर. सूनबाईंनी त्याच लुगड्याचा काठ कातरून शुभेच्छाकार्डावर चिकटवला, की ते 'अपसायकलिंग'. रायपुरातल्या आमच्या मराठी घरांत संक्रांतीच्या आधी सध्या हीच धामधूम. अडचण एकच, घरात जुनं लुगडं उरलेलंच नाही. मग गाडी काढून पंडरीच्या कापडबाजारात जायचं, कोरं कोसा रेशीम मीटरने घ्यायचं आणि घरी येऊन त्याच्या चिंध्या करायच्या!

कागद मात्र पुण्याचा हवा, हातकागद. तिथली १९४० सालची हातकागद संस्था सुती चिंध्यांच्या लगद्यापासून कागद करत आली आहे. म्हणजे चिंधीवर चिंधी, मधे फेविकॉल.

सजावटीला जुन्या लग्नपत्रिकेवरचा गणपती. टाकवत नाही म्हणून तो वर्षानुवर्षं सूनबाईंच्या ड्रॉवरमध्ये होता. आता शुभेच्छांसह तुमच्या. माझ्याकडे असे सात जमलेत.

काल एका काकूंनी नव्या कार्डाचा फोटो व्हॉट्सॲपवर पाठवला. कार्ड कधी देताय, विचारलं, तर म्हणाल्या, "अरे, एवढ्या मेहनतीचं ते, वाटत बसू की काय?"