दोन मिलिमीटर

आमच्या घरात काहीही कशालाही बसतं. कुकरची शिट्टी दुसऱ्याच कुकरची आहे. पंख्याचा रेग्युलेटर कुठून आला ते कुणालाच आठवत नाही. बाथरूमची कडी लावताना दार जरा उचलून धरावं लागतं, हे पाहुण्यांना टॉवेल देतानाच सांगितलं जातं. 'चालून जाईल' एवढ्या भांडवलावर आमचा संसार तीस वर्षं चालून गेला. त्यामुळे उतारवयात कुणी दोन मिलिमीटरसाठी अडवील, हे ध्यानीमनी नव्हतं.

अडवलं ते माझ्याच गाडीने. गाडी २००३ सालची फियाट पालिओ. जन्म कुर्ल्याच्या कारखान्यातला, हयात सगळी पुण्यात. पंधरा वर्षांनी तिची पुनर्नोंदणी झाली, त्यानंतर पाच वर्षांनी आणखी एकदा. आरटीओत दोन्ही वेळा ती पास झाली, धाप मला लागली. एका पावसाळ्यात तिचं पुढचं चाक खड्ड्यात धाडकन आपटलं आणि दुसऱ्या दिवसापासून रोज सकाळी ते चाक बसलेलं दिसू लागलं.

पंक्चरवाल्याने टायर पाण्यात फिरवून पाहिलं. "पंक्चर नाही काका. रिमची कड दबलीय. हवा तिथनं जाते." हातोडा घेऊन त्याने कड सरळ केली. पोलादी रिमचा हाच गुण: आपटली तर वाकते, आणि समजावलं तर बऱ्यापैकी सरळ होते. अलॉय सहसा वाकण्याऐवजी तडकतं. पण समजावण्यालाही मर्यादा असते. तिसऱ्यांदा हातोडा उचलताना तो म्हणाला, "आता दुसरी बघा." बाकीच्या तीन रिमही गंजाने पापुद्र्याला आल्या होत्या. म्हणजे बघायच्या तर चार.

टायरच्या दुकानात मला अलॉयचा तक्ता दाखवण्यात आला. चारांचे वीस-बावीस हजार. "एवढ्यात अख्खी गाडी येईल आपली," ही म्हणाली. हिशोब अपमानास्पद होता, पण बरोबर होता. मी नाना पेठेचा रस्ता धरला.

नाना पेठेत गाड्यांच्या सुट्या भागांची दुकानं एकाला एक चिकटून आहेत. तिथे माझं शिक्षण झालं. तोवर मी समजत होतो की, तेरा इंची चाक म्हणजे तेरा इंची चाक. एका दुकानदाराने सँट्रोची रिम काढली. तेरा इंची, चार छिद्रं, दिसायला अगदी माझ्यासारखीच. म्हणजे माझ्या गाडीच्या रिमसारखी. लावायला गेलो तर हबवर चढेना. "पीसीडी वेगळा आहे साहेब," तो म्हणाला, आणि पिशवीतून व्हर्निअर काढावा तसा हा शब्द त्याने माझ्यासमोर ठेवला.

पीसीडी म्हणजे बोल्टची छिद्रं ज्या काल्पनिक वर्तुळावर पाडलेली असतात, त्याचा व्यास. चार छिद्रांच्या चाकात समोरासमोरच्या दोन छिद्रांच्या मध्यांमधलं अंतर मोजलं की झालं. सँट्रो, स्विफ्ट अशा गाड्यांचं हे अंतर १०० मिलिमीटर. पालिओचं ९८. शिवाय रिमच्या मधलं मोठं भोक माझ्या गाडीला ५८.१ मिलिमीटरचं लागतं, सँट्रोच्या रिमचं असतं ५४.१. आणि या सगळ्यांना नट लागतात, माझ्या गाडीला लागतात बोल्ट. हबवर स्टड नसल्यामुळे स्टेपनी बदलताना चाक अडकवायलाच काही नसतं. पायाच्या चवड्यावर चाक तोलायचं, भोकात डोळा लावायचा, आणि अंधारात चावीचं भोक शोधावं तसा बोल्ट शोधायचा. हे आसन मी वीस वर्षं केलं आहे.

पुढच्या दुकानातल्या उमद्या मुलाने तोडगा काढला. "मधलं भोक लेथवर मोठं करू, बोल्ट पान्याने ओढून घेऊ. दोन मिलिमीटरचा तर प्रश्न. बसवून देतो."

इथे माझ्यातला 'चालून जाईल' आनंदाने उठून उभा राहिला. नशिबाने तिथे बाकावर चहा पीत बसलेल्या एका वयस्कर मेकॅनिकने त्याला खाली बसवलं. बोल्टचं डोकं निमुळतं असतं, आणि रिमच्या छिद्राला तशीच निमुळती बैठक असते. दोन्ही तंतोतंत जुळली तरच चाक मधोमध बसतं. दोन मिलिमीटरचा फरक म्हणजे प्रत्येक छिद्र एकेक मिलिमीटर बाहेर. बोल्ट तिरका ताणून बसतो, घट्ट वाटतो, आणि गाडी धावू लागली की हळूहळू सैल होतो. "कुकरची शिट्टी नाही ही," तो म्हणाला. आमच्या घरातलं त्याला कसं कळलं, देव जाणे.

घरी येताना डिकीतल्या स्टेपनीचा विचार करत होतो. हा शब्द आपण आपलाच समजतो, पण तो वेल्समधल्या लनेथ्ली गावच्या स्टेपनी स्ट्रीटवरून आला. १९०४ च्या सुमारास तिथे जादा चाकाचा धंदा सुरू झाला. गंमत अशी की, ती मूळ स्टेपनी हबवर लागतच नसे. आरे नसलेलं, हवा भरलेलं नुसतं कडं. पंक्चर झालेल्या चाकावरच ते चापांनी आवळायचं आणि घर गाठायचं. ना पीसीडी, ना बोल्ट. 'चालून जाईल'चा कारखाना सातासमुद्रापार होता तर!

जुन्या बाजारात एक रविवार आणि एक बुधवार गेला. तिथे एम्बॅसडरची चाकं होती, जिपची होती, बैलगाडीच्या चाकाची एक धावही होती. शेवटी नगर रस्त्यावरच्या एका भंगाराच्या आवारात, टपावर झोपलेल्या मांजरासकट, एक फियाट पेट्रा उभी दिसली. जवळच रांजणगाव. तिथल्या कारखान्यातून फियाटच्या गाड्या पुढे अनेक वर्षं बाहेर पडल्या. महागणपतीच्या दारातच आपलं काम व्हायचं असेल, असं मनाशी म्हटलं.

"पेट्राची पालिओला बसतात का हो?"

"एकच घराणं, काका. उनोची, सिएनाची, पेट्राची, सगळ्यांचं माप एकच. हातानं लावून बघा."

मी खिशातून बोल्ट काढून रिममध्ये घातला. डोकं बैठकीत असं विसावलं, जसं आजोबा आपल्या आरामखुर्चीत. घासाघीस करून सातशेला एक ठरली. स्टेपनी धरून पाच घेतल्या, साडेतीन हजार. गंज खरवडून रंग दिला तो खर्च वेगळा.

रंगाचा उरलेला डबा हातात होता म्हणून मी बाथरूमच्या दाराकडेही पाहिलं. ते मात्र तसंच ठेवलं आहे. दार ताशी साठच्या वेगाने धावत नाही, त्याचं चालून जातं.

तुमच्या दारी जुनी गाडी असेल, तर चाकं आणायला जाताना एक बोल्ट किंवा नट खिशात ठेवा, मोजपट्टी ठेवा. चाक लावताना बोल्ट आधी बोटांनी फिरवून बघा. बोटांनी शेवटच्या आट्यापर्यंत गेला तर चाक तुमचं. पहिल्याच आट्याला पाना मागू लागला, तर दुकानदार कितीही गोड बोलो, रिम खाली ठेवा आणि पुढचं दुकान गाठा.