अस्सलराव आणि चॉकलेट पिझ्झा

चॉकलेट पिझ्झा मागवणाऱ्यांची टिंगल पुष्कळ झाली. आता जरा टिंगल करणाऱ्याकडेही बघायला हवं. तो प्रत्येक मित्रमंडळात एक तरी असतोच. सोयीसाठी त्याला अस्सलराव म्हणू. वय तिशी ते साठीतलं काहीही. नावावर एक युरोप सहल जमा, तीही दहा दिवसांत सहा देश छापाची. त्यात नेपल्स नव्हतंच, बस रोमवरूनच माघारी वळली होती. पण नेपल्सच्या पिझ्झाबद्दल तो बोलतो ते थेट माहेरच्या हक्काने. वाढदिवसाच्या जेवणाअखेर टेबलावर चॉकलेट पिझ्झा येतो. भाजलेल्या पोळीवर तपकिरी चकाकता थर, स्ट्रॉबेरीचे काप, चीजच वाटावं असा पांढऱ्या चॉकलेटचा कीस, आणि शेजारी वेटरने निव्वळ सवयीने ठेवलेली ओरेगॅनो-चिली फ्लेक्सची पाकिटं. बाकीचे मोबाइल काढून पुढे वाकतात. अस्सलराव मागे रेलतो आणि जाहीर करतो, "ह्याला पिझ्झा म्हणत नाहीत." चव कशी आहे, हे त्याने अजून पाहिलेलंही नसतं. पाहायची गरजही नसते, कारण त्याची तक्रार पदार्थाच्या कुळाशी आहे. पंचाईत एवढीच, की ज्या कुळाची तो शपथ घेतो, तेच त्याच्याविरुद्ध साक्ष देतं.

त्याचा हुकमी पुरावा म्हणजे १८८९ साली इटलीच्या मार्गारीता राणीला नेपल्समध्ये पेश झालेला टोमॅटो, मोझरेला आणि तुळशीचा पिझ्झा. ही हकिगत तो अशी सांगतो, की ताट यानेच नेऊन ठेवलं असावं. इतिहासकार तिच्याकडे संशयाने पाहतात, पण तेही सोडून देऊ. पुढे अवघ्या दोन वर्षांनी, १८९१ मध्ये, पेल्लेग्रीनो आर्तूसी यांचं पाकशास्त्राचं पुस्तक निघालं. इटालियन घरांत आजही मान असलेल्या त्या ग्रंथात 'नेपल्सचा पिझ्झा' या नावाखाली जी कृती आहे, तिच्यात टोमॅटो औषधालाही नाही. आहेत ते रिकोटा, बदाम, अंडी आणि साखर. म्हणजे सरळसरळ गोड पदार्थ! आणि आजच्या नेपल्सचं म्हणाल, तर पिझ्झाच्याच कणकेच्या पट्ट्या तळून त्यांवर नुटेला ओतून विकणाऱ्यांत तिथले पिझ्झावालेच आहेत. नुटेलाही परकी नाही, १९६४ पासून ती इटलीच्याच आल्बा गावची. टोमॅटो आणि कोको हे दोघेही मुळात अमेरिकेतले, स्पॅनिश लोकांमार्फत युरोपात आलेले. त्यातल्या एकाला घरजावई करून घ्यायचं आणि दुसऱ्याला उंबऱ्याबाहेर उभं करायचं, हा न्याय अस्सलरावालाच सुचू जाणे.

इटली राहू दे. हाच गृहस्थ आषाढी एकादशीला साबुदाण्याची खिचडी भक्तिभावाने खातो. साबुदाणा ज्या कंदाचा होतो तो टॅपिओका, शेंगदाणा, बटाटा, हिरवी मिरची ही सगळी मंडळी अमेरिका खंडातून आलेली. त्या ताटलीत जुनं म्हणावं असं जिरं आणि तूप तेवढं. तरी तिथे त्याला बाटल्यासारखं होत नाही. पोळी आणि गोड हे लग्नही त्याच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या लागत आलंय. पुरणपोळी, गूळपोळी, पोळीशी शिकरण, पोळीला लावलेला साखरांबा, हे सगळं त्याने लहानपणापासून विनातक्रार चापलेलं असतं. मग भाजलेल्या कणकेवर गोड पसरलं, की याच्याच कपाळावर आठी का? कारण शिकरण खाऊन कोणी रसिक ठरत नाही. चॉकलेट पिझ्झाला नाक मुरडलं, की आपोआप ठरतो, तेही बिल न भरता.

यावर अस्सलरावाचा ठेवणीतला प्रश्न येतो : "मग उद्या चॉकलेट मिसळ खाणार का?" प्रश्न फालतू नाही. विचित्र म्हणून चांगलं, असा नियम केला तर खरोखरच तर्रीवर चॉकलेट सॉस तरंगेल. पण जुनं म्हणून शुद्ध हा नियमही तितकाच आंधळा आहे. कसोटी जिभेची आणि भट्टीची लावावी. पिझ्झाची पोळी चवीला जवळजवळ तटस्थ, किंचित खारट, कडेला करपट खरपूस. गोड आणि कडू चॉकलेटला याहून चांगला जोडीदार शोधावा लागेल. मिसळीचा कट आधीच झणझणीत आणि मसाल्यांनी गच्च असतो; तिथे चॉकलेट जाऊन करणार काय? पाककौशल्याचाही भाग आहेच. नेपल्सच्या भट्टीत ४५० अंशांच्या आसपास पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत भाजतो. चॉकलेटमधलं कोकोचं लोणी मात्र अंगाच्या उबेनेच पाघळतं. आधी चॉकलेट लावून आत सारलं तर ते करपून कडूजहर होतं. म्हणून पोळी भाजून बाहेर काढायची आणि तिच्याच धगीवर चॉकलेट पसरायचं. हे ज्याला कळतं त्याचा पिझ्झा उत्तम होतो. ज्याला कळत नाही, तो आदल्या ऑर्डरचा लसूण-बटर लावलेला बेस उचलतो, आणि मग अस्सलरावाचं म्हणणं एका घासात खरं ठरतं. दुसरी चूक खाणाऱ्यांची. चारी बाजूंनी फोटो होईपर्यंत वरचा थर आळतो आणि पोळी चामट होते. मैदा आणि साखरेचा आक्षेप तर शंभर टक्के मान्य. फक्त तो लग्नाच्या पंगतीत चौथा गुलाबजाम उचलतानाही घ्यावा.

अस्सलराव मात्र या दोन्ही खऱ्या चुकांबद्दल चकार शब्द काढत नाही, कारण त्यासाठी आधी खावं लागतं. टेबलावर शेवटचे दोन तुकडे उरले, की तो "वाया कशाला घालवायचं" म्हणत एक पुढ्यात ओढतो, स्ट्रॉबेरी बाजूला काढतो, काट्याने कोपरा मोडून सावकाश चघळतो. "पिझ्झा म्हणून साफ चूक," तो निकाल देतो, "पण पोळी म्हणून वाईट नाही." दुसरा तुकडाही घेतो, आणि वेटरला हाक मारून विचारतो, यावर घ्यायला थोडं गरम दूध मिळेल का.